पत्ता विचारणारा माणूस

डिसेंबरात लंडनला दुपारी चारलाच दिवेलागण होते. हे मी पुस्तकांत अनेकदा वाचलेलं होतं. पण वाचणं निराळं आणि त्या अंधारात एकट्यानं सापडणं निराळं. २०२३ साली धाकटा मुलगा तिथे एम.एस्सी. करत होता, म्हणून मी आणि पत्नी तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. त्या मुक्कामात एका संध्याकाळी मी रस्ता चुकलो. साठी उलटलेला, वैजापूरच्या गल्लीबोळांत आयुष्य काढलेला, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. डोक्याला माकडटोपी, खिशात बंद पडलेला मोबाइल, आणि कुठल्या दिशेला आपला मुक्काम याचा काडीचाही अंदाज नाही.

माझा बेत तसा साधा होता. ब्रिटिश म्युझियमच्या दारापासून किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरापर्यंत पायी जायचं. १९२१-२२ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या घरात राहत होते. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनानं विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. मुलाबरोबर जाऊन मी ते दिवसाउजेडी पाहून आलो होतो. बाहेरची निळी गोल पाटी, आतली पुस्तकं, खिडकी, सगळं पाहिलं होतं. पण मन भरलं नव्हतं. म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर बसायचं आणि पैसे वाचवायचे म्हणून शक्य तिथे पायीच जायचं, असा त्यांचा त्या वेळचा रिवाज. ती तासाभराची वाट आपणही एकदा चालून पाहावी, एवढीच इच्छा.

कॅम्डेन टाउनपर्यंत ठीक चाललं. पुढे कालवा लागला, रेल्वेचे रूळ लागले, पूल लागले, आणि कुठल्या तरी पुलाखालून वळताना मी चुकलो. एकसारखी घरं, एकसारखे दरवाजे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अर्धा तास फिरून मी पुन्हा त्याच पुलापाशी आलो तेव्हा मात्र पोटात गोळा आला. तेवढ्यात एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन जाताना दिसली. मी माझ्या बँकेतल्या इंग्रजीत तिला पत्ता विचारला. तिनं मला कुठे जायचंय ते नीट समजून घेतलं, माझ्याबरोबर दोन वळणं चालत आली, हातानं रस्ता दाखवला आणि निघून गेली. मी कोण, कुठला, कशाला आलो, यातलं काहीही तिनं विचारलं नाही.

मुक्कामी पोचल्यावर घरात व्हायची ती बोलणी झाली. चहा झाला. रात्री मात्र झोप येईना. त्या बाईनं न विचारलेला प्रश्न मला टोचत होता. कारण तो प्रश्न मी स्वतः, माझ्या गावी, माझ्या दारात, एका वाट शोधणाऱ्या माणसाला विचारला होता. ती गोष्ट पुढे सांगतोच. पण ती कळायची तर आधी बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या काही रात्री सांगायला हव्यात.

पहिली रात्र साधारण १९०१ ची. भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळी कामावर तिथे तलाव खणणं चालू होतं. त्यांनी सुटीत मुलांना भेटीला बोलावलं. भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीचा मुलगा अशी पोरं नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट घालून आगगाडीनं निघाली आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला मसूर स्टेशनवर उतरली. वडील येतील, निदान शिपाई तरी पाठवतील, ही खात्री. पण निरोपाचं पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. स्टेशनमास्तर चौकशीला आला. मुलांचे कपडे पाहून त्याला ती बड्या घरची वाटली असावीत. त्यानं जात विचारली. उत्तर ऐकताच त्याचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला.

बैलगाडीवाले भाडं घ्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची आणि त्यानं शेजारून पायी चालायचं या अटीवर. रात्र झाली. जवळ शिदोरी भरपूर, पण पाण्याचा थेंब नाही. जकातनाक्यावर पाणी मागितलं. कोणी तरी सुचवल्याप्रमाणे मुलांनी आपण मुसलमान असल्याचं सांगून पाहिलं. नाकेदारानं पाणी दिलं नाही. त्या रात्री ती पोरं भरल्या डब्यासमोर उपाशी राहिली, कारण घास उतरायला पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला ती गोरेगावला पोचली तेव्हा वडिलांना ती येणार हेच ठाऊक नव्हतं.

लहानपणी वाट चुकल्याच्या आठवणी आपल्या सगळ्यांकडे असतात. जत्रेत हात सुटतो, रडू येतं, कुणी तरी खांद्यावर घेतं, ओळखीचं माणूस भेटतं. या आठवणीत रस्ता सरळ होता, गाडी होती, गाडीवानाला गाव माहीत होतं. चुकलेलं काहीच नव्हतं. तरीही ती मुलं हरवलेलीच होती.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. वय बावीस. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील गेले होते. मुंबईत परळच्या चाळीत रमाबाई. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्यांदा जेवणाचं जमेना, मग मुक्काम बदलत बदलत ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. १९१५ ला एम. ए. झालं. ९ मे १९१६ या दिवशी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व ग्रेज इनमध्ये दाखल झाले.

नव्या देशात आलेला विद्यार्थी कितीदा तरी चुकतो. चुकीच्या गाडीत बसतो, चुकीच्या दारावरची घंटा वाजवतो, नाण्यांचा हिशेब चुकतो. बाबासाहेबांनी या काळाकडे पुढे मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांना आठवलं ते वेगळंच. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. आपलं असणं ही स्वतःला आणि इतरांना अडचण आहे, याचा त्यांना विसर पडला होता.

याचा अर्थ विलायत म्हणजे स्वर्ग, असा मात्र नव्हे. कोलंबिया विद्यापीठापासून हार्लेमची वस्ती हाकेच्या अंतरावर. गोऱ्या अमेरिकेनं काळ्या माणसाला कोणते दरवाजे बंद करून ठेवले होते ते जगाला ठाऊक आहे, आणि बाबासाहेबांनाही होतं. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना मुद्दाम पत्र लिहून संपर्क साधला होता. आणि इंग्रज तर आपल्यावर राज्यच करत होते. तरीही एका तरुण माणसाला शहरभर कुठेही पत्ता विचारता आला, कुठल्याही बाकावर बसून वाचता आलं, एवढं तिथे घडलं. ते आपल्याकडे घडत नव्हतं.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. ते स्वतः एका बोटीनं आले आणि पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीवर होतं. ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. माणूस तेवढा मुंबईला उतरला.

करारानुसार बडोदे संस्थानात नोकरी करणं भाग होतं. सप्टेंबर १९१७. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर त्यांच्यासमोर प्रश्न उभा राहिला तो हा, की जायचं कुठे? शहर परकं नव्हतं. भाषा समजत होती. खिशात कोलंबियाची पदवी होती, महाराजांची नेमणूक होती. पण हिंदू खाणावळीत जागा मिळायची तर जात लपवावी लागणार, आणि उघडकीला आली तर काय होईल ते सांगायला नको. इतकी वर्षं विसरलेली गोष्ट स्टेशनच्या फलाटावर एका क्षणात परत आली.

पारशांची एक धर्मशाळा असल्याचं त्यांना माहीत होतं. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, हा भरवसा. दुमजली घर, वर राहण्याची सोय. रखवालदाराला कळलं की गृहस्थ पारशी नाहीत, तेव्हा तो अडला. मग पारशी नावानं वहीत नोंद करायची आणि रोजचं दीड रुपया भाडं द्यायचं, असं ठरलं. वर एक लहानशी खोली, एक न्हाणी, आणि बाकीच्या दिवाणखान्यात मोडक्या खुर्च्या-बाकांचा पसारा. विजेचा दिवा नाही. रात्री रखवालदार एक कंदील आणून ठेवी, त्याचा उजेड हातभर. वटवाघळं फडफडत. त्या ओसाड माडीवर, कंदिलाजवळ पुस्तक धरून, अमेरिकेहून अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस खोट्या नावानं राहत होता. कचेरीतही निराळं नव्हतं. शिपाई कागदपत्रं हातात न देता टेबलावर फेकत.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत होते. जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी काठ्या घेऊन वर आले. धर्मशाळा बाटवल्याचा जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत निघून जाण्याचा हुकूम सोडला. त्या दिवशी बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे निवाऱ्याची विचारणा केली. एक हिंदू. तो म्हणाला की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला, मूळचा ब्राह्मण. त्याची पत्नी दुसऱ्या दिवशी गावाहून यायची होती. तिला विचारून सांगतो, असं तो म्हणाला. बाबासाहेबांना उत्तर कळलं. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास काढायला जागा नव्हती, म्हणून ते कमाठी बागेत जाऊन बसले. तिथे त्यांना रडू आवरलं नाही.

आता माझी गोष्ट.

साल १९८६. मी वैजापूरच्या शाखेत अधिकारी होतो. गावातच आमचा जुना वाडा. त्यातली माडीवरची खोली पूर्वी एका शिक्षकांना भाड्यानं दिलेली, ते बदलून गेल्यावर रिकामी पडलेली. शाखेत एक नवे अधिकारी बदलून येणार होते. स्थानिक माणूस म्हणून व्यवस्थापकांनी त्यांना माझा पत्ता दिला होता, ते मला माहीत होतं. पावसाळ्याचे दिवस. तेव्हा आमच्याकडची रेल्वे मीटर गेज होती; नांदेडकडून येणारी गाडी उशिरानं रोटेगाव स्टेशनला लागली, तिथून टांगा करून हे गृहस्थ रात्री गावात आले आणि गल्लीगल्लीतून विचारत आमच्या दाराशी पोचले. भिजलेले होते. हातात वळकटी आणि पत्र्याची पेटी.

मी कंदील वर धरला. अगत्यानं बोललो. गाडीला उशीर झाला का, जेवण झालं का, असं सगळं विचारलं. आणि मग, अगदी सहज, आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं.

त्यानंतर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. आई कोपरगावला मावशीकडे गेली आहे, ती उद्या येईल, तिला विचारून खोलीचं सांगतो, असं मी म्हणालो. आई गावाला गेली होती हे खरं होतं. तिला विचारल्याशिवाय मी घरात पान हलवत नसे, हे मात्र खरं नव्हतं. ते गृहस्थ क्षणभर थांबले. बरं, म्हणाले. पेटी उचलली आणि एस.टी. स्टँडचा रस्ता विचारला. तो मी त्यांना व्यवस्थित सांगितला. रात्र त्यांनी स्टँडच्या बाकावर काढली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून शाखेत हजर. त्या रात्रीचा विषय त्यांनी तीन वर्षांत एकदाही काढला नाही. आम्ही एकाच टेबलावर डबे खाल्ले, विहिरींच्या कर्जाच्या पाहणीला एका जीपमधून नारंगीच्या काठानं हिंडलो. आईला मी विचारलं नाही. त्यांनी दुसरीकडे खोली शोधली. मी सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षेला बसणार होतो, तेव्हा चलनाच्या इतिहासासाठी एक पुस्तक वाचा म्हणून त्यांनीच सुचवलं आणि बदली होऊन जाताना आपली प्रत माझ्या टेबलावर ठेवून गेले. ते होतं बाबासाहेबांचं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक.

बँकेत सोळा वर्षं नोकरी केलेल्या माणसालाही ते पुस्तक सोपं नाही. पण त्यामागची कथा कळली की ते निराळं दिसू लागतं. बडोद्याहून परतल्यावर बाबासाहेबांनी १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी धरली. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी कर्ज दिलं, आणि १९२० साली ते अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले.

त्या मुक्कामातली त्यांची दिनचर्या मराठी वाचकाला चरित्रांमधून परिचयाची आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा. वाचनालय उघडताना दारात हजर, बंद होताना शेवटी बाहेर. दुपारच्या जेवणाला फाटा. रात्री खोलीवर आल्यावर थोडं काही खाऊन पुन्हा पुस्तक. भूक फार लागली तर देशी मित्रानं दिलेले पापड भाजून त्याच्यावर पेलाभर दूध. खोलीतल्या सोबत्याला मध्यरात्री जाग यावी तर दिवा जळतच असे. इकडे परळला रमाबाई संसार रेटत होत्या. १९२१ ला एम.एस्सी., मग बॅरिस्टरी, आणि १९२२ च्या ऑक्टोबरात डी.एस्सी.साठी रुपयावरचा प्रबंध. परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला. पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईला परतून त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला, पदवी मिळाली, आणि वर्ष संपता संपता प्रा. एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह तो लंडनमध्ये पुस्तकरूपानं निघाला.

पुस्तकाचा गाभा माझ्यासारख्यानं सांगायचा तर असा: रुपयाचा भाव परदेशी चलनाशी जुळवून ठेवण्यापेक्षा देशातल्या देशात त्याची खरेदीशक्ती टिकणं महत्त्वाचं, आणि चलन हवं तेवढं काढायची मुभा सरकारच्या मर्जीवर सोडता कामा नये. रुपया घसरला की व्यापारी सावरून घेतो, सावकार सावरून घेतो. रोजंदारीच्या माणसाची भाकर तेवढी लहान होते. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांची भूमिका याच अंगानं होती. दीड रुपया रोजावर भाड्याची खोली घेऊन तीही टिकवता न आलेल्या माणसानं रुपयाच्या किमतीचा एवढा खोल विचार करावा, हे मला त्या पुस्तकाच्या पानापानावर जाणवत राहिलं.

बडोद्याची हकिगत मात्र मला तेव्हा तपशिलात माहीत नव्हती. १९९४ साली, विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या वर्षी, औरंगाबादच्या शासकीय ग्रंथागारातून मी शासनानं काढलेल्या आंबेडकर ग्रंथमालेचा बारावा खंड विकत आणला. त्यात वेटिंग फॉर अ व्हिसा या नावाच्या त्यांच्या आठवणी आहेत. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळावं म्हणून लिहिलेली ही थोडीशी पानं. १९७८ च्या नामांतराच्या दंगली मी विद्यार्थी म्हणून पाहिलेल्या. आपण त्या बाजूचे नव्हतो, एवढ्यावर मी स्वतःला बरा माणूस समजत आलो होतो. रात्री वाचता वाचता बडोद्याच्या त्या दुसऱ्या मित्रापाशी आलो. पत्नी उद्या गावाहून येईल, तिला विचारून सांगतो. मी पुस्तक मिटलं. एकोणसत्तर वर्षांच्या अंतरानं तेच उत्तर मी दिलं होतं; फक्त पत्नीच्या जागी आई होती. काठ्या घेऊन आलेल्यांमध्ये आपण नसतो, म्हणून आपण सुटलो असं आपल्याला वाटतं. काठ्यांची गरजच पडू नये, इतकं सौम्य उत्तर आपण देतो.

त्याच आठवणींत आमच्या जिल्ह्याचंही एक पान आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर नाशिकहून वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाची धूळ होती म्हणून किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. हौद बाटवला म्हणून एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर आत कुठेही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला पाहू दिला गेला. मसूरच्या नाक्यावरचं पाणी आणि दौलताबादचं पाणी यांत तेहतीस वर्षं गेली होती. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. येवला आमच्या वैजापूरपासून तासाभराच्या आत. आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येवल्याची पैठणी येई. ही घोषणा कधी आली नाही.

बाबासाहेबांचं मोठेपण सांगताना आपण घटना सांगतो, महाडचं तळं सांगतो, नागपूरची दीक्षाभूमी सांगतो. ते सगळं खरंच. मला मात्र लंडनच्या त्या रात्री वसतिगृहं आठवत होती. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह उघडलं. परदेशातून परतल्यावरच्या त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी ते एक. पुढे दादरला स्वतःचं घर बांधलं तेही पुस्तकांना जागा मिळावी म्हणून. आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, जे पुढे मिलिंद महाविद्यालय झालं, तेव्हा नागसेनवनात वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहंही उभी राहिली. मराठवाड्याच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन येणाऱ्या मुलाला शहरात उतरल्यावर कुणाच्या दाराशी उभं राहावं लागू नये, अशी ती व्यवस्था होती. कमाठी बागेत पाच तास बसलेल्या माणसाला वर्गाइतकीच खोलीही महत्त्वाची आहे हे कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या शाखेत आलेले ते अधिकारी याच नागसेनवनात राहून शिकलेले होते.

ते पुढे माझ्या वरच्या पदावर गेले. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी मुद्दाम गेलो. चहाच्या वेळी धीर करून १९८६ च्या त्या रात्रीचा विषय काढला. मला वाटलं होतं, ते विसरले असतील किंवा तसं दाखवतील. ते विसरले नव्हते. किती वाजले होते, पाऊस कसा होता, स्टँडवर कुठल्या बाजूचं बाकडं कोरडं होतं, सगळं त्यांनी सांगितलं. रागानं नाही, हिशेब सांगावा तसं. मी क्षमा मागितली. त्यांनी माझा हात हातात घेतला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मुलगा काय करतो म्हणून विचारलं. लंडनला जायचं म्हणतोय, मी सांगितलं. तिथे त्याची राहायची सोय झाली का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

कुणी म्हणेल, आता काळ बदलला. बदलला आहेच. पण आपल्याकडचा तो पहिला प्रश्न बदललेला नाही. त्यात आपुलकीही असते, हे मला मान्य आहे. आडनावावरून गाव निघतं, गावावरून सोयरीक निघते, चहा होतो. पण त्याच उत्तरावर दार उघडायचं की लोटायचं हेही ठरतं, आणि विचारणाऱ्याला ते विचारताना कळतसुद्धा नाही. ज्याला उत्तर द्यायचं त्याला मात्र नेमकं कळतं.

लंडनहून परतल्यानंतरच्या जूनमधली गोष्ट. माडीवरची खोली आम्ही विद्यार्थ्यांना देतो. कॉलेजात प्रवेश घेतलेल्या एका मुलाचा फोन आला. एस.टी. उशिरा पोचली होती, वीज गेलेली, त्याला गल्ली सापडेना. मी विजेरी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो. अंधारात एक सडपातळ मुलगा पाठीवर पिशवी घेऊन उभा. मी काही विचारायच्या आत त्यानं आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, गावासकट. आणि तो थांबला. ते थांबणं मला ओळखीचं होतं. वयाच्या अठराव्या वर्षी त्याला हे ठाऊक झालेलं होतं, की हा प्रश्न येणारच, तर आपणच सांगून मोकळं व्हावं.

मी विजेरी त्याच्या पायाशी धरली आणि जिना उंच आहे, जपून ये, असं सांगितलं. वर गेल्यावर त्यानं भाडं विचारलं, ते सांगितलं. किल्ली दिली. मग खाली स्वयंपाकघरात नेऊन पाण्याचा माठ कुठे असतो ते दाखवलं.